हॉल तेवढा बँकेचा

आमच्या सिस्टरच्या घरातलं कॅलेंडर बाथरूममध्ये टांगलेलं असे. भिंतीवरचं घड्याळ तिथेच, किल्ल्यांचा खिळा तिथेच, आणि नर्सिंगच्या बॅचचा फ्रेम केलेला फोटोही तिथेच, नळापासून जरा दूर. पौर्णिमा कधी आहे असं कोणी विचारलं की सिस्टर म्हणायची, "थांबा, बाथरूममंधून पाहून येतो." नवीन माणूस बावचळून जायचा. आम्ही ले-आउटमधले जुने लोक मात्र हसू दाबून त्याचं तोंड पाहत बसायचो, कारण पुढचं वाक्य आम्हाला पाठ होतं. "बाकीच्या भिंती बँकेच्या हायेत जी. बँकेच्या भिंतीत खिळा कसा ठोकाचा?"

सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या घरातली नर्सबाई. आंजीकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी, लग्न केलेलं नाही, बोलणं असं की चार घरं पलीकडे तिचं कुजबुजणं ऐकू यावं. वर्ध्याबाहेरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, आम्ही सगळे साधारण एकाच सुमारास राहायला आलो, आणि सगळेच कर्ज काढून. कर्ज ही आम्हाला छतावरच्या पाण्याच्या टाकीसारखी गोष्ट वाटायची. वर आहे, असू दे, वर कोण बघतंय! वीस वर्षांचे हप्ते बांधून घेऊन आम्ही दारावर स्वतःच्या नावाच्या पाट्या लावल्या आणि निवांत झालो. सिस्टरने पाटी लावली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे दारच तिचं नव्हतं.

तिची एक पद्धत होती. ठरलेल्या हप्त्याशिवाय जरा मोठी रक्कम हातात आली, की ती बँकेत जाऊन मुद्दलात भरायची आणि त्या रकमेइतका घराचा तुकडा 'मोकळा' झाला असं जाहीर करायची. कोणती खोली किती पैशांची, हे तिने कोणत्या आधारावर ठरवलं होतं ते तिलाच ठाऊक. खोली मोकळी झाली की संध्याकाळी त्या खोलीत मेणबत्ती लावून ती बुद्धवंदना म्हणायची आणि सगळ्या ओळीला खीर वाटायची. सर्वांत स्वस्त पडलं म्हणून पहिलं मोकळं झालं ते बाथरूम. त्या वेळी वंदना झाली नाही, तेवढं तारतम्य तिला होतं. पण खीर झाली, आणि आम्ही ती अंगणात उभं राहून खाताना ती एकेकाला हाताला धरून आत नेत होती. "पाहा सर, ही फरशी माही. हा नळ माहा. हे गळते थेही माहंच गळते."

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती मात्र पहिल्या दिवसापासून स्टुलावर होती. हॉल बँकेचा ना, मग हे कसं, असं मी तिला एकदा कोपरखळी मारून विचारलं. ती क्षणभरही अडली नाही. "त्याईले कोनाचं घर लागते जी? त्याईनं तं सोताचंच सोडलं."

उन्हाळ्यात तर कहर व्हायचा. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर न घेता राहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. कूलरचे पैसेही मुद्दलात जायचे. मग दुपारी सुट्टी असली की सिस्टर बाथरूममध्ये स्टूल टाकून, फरशीवर पाणी ओतून, पाय पसरून बसायची आणि आलेल्या पाहुण्याला दारातच खुर्ची द्यायची. माझी बायको तिच्याशी अशा तास तास गप्पा मारून यायची. मी चिडवायचो, "आलीस का बाथरूमच्या बैठकीतून?" ती म्हणायची, "थंडगार आहे तिथे. आणि तिचं स्वतःचं आहे. तुमचं काय आहे हो या घरात?" मग मी पेपर उघडायचो.

माझा साडू नागपूरला असतो. पैशाच्या बाबतीत तो स्वतःला फार शहाणा समजतो, आणि खरं सांगायचं तर आहेही. एकदा तो आमच्याकडे आलेला असताना सिस्टर पोह्यांची बशी घेऊन आली. याने तिला समोर बसवून चांगलं तासभर समजावलं. गृहकर्जाचं व्याज कमी असतं, टॅक्समध्ये सूट मिळते, उगाच आधी फेडून काय मिळवता, तेच पैसे दर महिन्याला एसआयपीत टाका, वीस वर्षांनी बघा कुठे पोचता. सिस्टरने सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर हाय भाऊ. पन हे तुमची एसआयपी माह्या मायले झोपवते का?"

साडू माझ्याकडे बघायला लागला. त्याच्याकडे अशी कुठली योजना नव्हती.

सिस्टरची माय अल्लीपूरला राहायची. एकटी, पण स्वतःच्या दोन खोल्यांत. उमेदीची सगळी वर्षं तिने दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली होती आणि दुसऱ्यांच्याच गोठ्याशेजारच्या खोपटात दिवस काढले होते. सिस्टर लहान असताना एकदा दिवेलागणीला मालकाने उद्या नव्हे, आत्ताच खोपट खाली करा म्हणून सांगितलं. डोक्यावर भांडी आणि कडेवर पोर घेऊन ती निघाली. पुढे पै पै जोडून तिने स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या जागेत रात्र काढायची नाही हा नियम केला. सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा नाही. कारण विचारलं की सांगायची, "दुसऱ्याच्या घरात डोयाले झोप येते बापू, पन कान जागेच राह्यतेत." आणि कर्जाचं घर म्हणजे तिच्या लेखी दुसऱ्याचंच घर. सकाळच्या बसने लेकीकडे यायची, संध्याकाळच्या बसने परत. सिस्टरला एवढीच घाई होती. माय थकत चालली होती, आणि तिचे हातपाय धड आहेत तोवर तिने लेकीच्या घरात एकदा निवांत झोपावं, मग कायमचंच तिथे राहावं, यासाठी तो सगळा खटाटोप चालला होता.

बाथरूमनंतर स्वयंपाकघर मोकळं झालं, आणि आमच्या ले-आउटच्या आनंदाला पारावार उरला नाही. कारण आम्हाला त्या दिवशी कळलं, की सिस्टर ही या प्रकरणात सौम्य होती. खरी कडक होती माय. खीर खायला ती अल्लीपूरहून आली ती समोरच्या दाराने आलीच नाही. घराला वळसा घालून मागच्या अंगणातून (प्लॉट रोखीने घेतलेला होता, कर्ज फक्त बांधकामाचं) थेट स्वयंपाकघरात शिरली. तिथून हॉलमध्ये यायचा उंबरठा तिने काही ओलांडला नाही. आम्ही हॉलमध्ये खुर्च्यांवर, ती स्वयंपाकघरात पाटावर, आणि गप्पा मधल्या दारातून. "मास्तर, पुढं सरकून बसा, दिसून नाई राह्यले तुमी," असं ती मला फर्मावायची. आम्ही उठून गेल्यावर हॉलमधला पंखा चालू राहिला तर तिथूनच ओरडायची, "बंद करा व कोनीतरी! बँकेचा पंखा हाय, त्याईले बिल येईन!"

वीजबिल सिस्टरच भरते हे तिला सांगून काही उपयोग नव्हता.

सिस्टरने लाडीगोडी लावून पाहिली. "माय, स्वयंपाकघर तं आपलं झालं न? मंग इथं झोप न आज." मायने तिच्याकडे असं पाहिलं की मीच खुर्चीत सरळ बसलो. "जिंदगीभर चुलीपाशी झोपलो मी. आता पोरीच्या घरीही चुलीपाशीच झोपू का?" संध्याकाळची बस गाठून माय गेली.

मग सिस्टरने बेडरूमवर लक्ष केंद्रित केलं. पगाराची थकबाकी मिळाली, ती सगळी त्यात गेली. त्या वर्षी दिवाळीला आम्ही सगळे नव्या कपड्यांत आणि सिस्टर दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच. पण बेडरूम मोकळी झाली. पलंग आला, कापसाची जाड गादी भरून आली, गादीवर निळी चादर आली. खीर यावेळी दुप्पट दुधाची. मायला निरोप गेला, की पिशवीत झोपायचं लुगडं टाकून ये. माय आली. मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात आली. पाणी प्यायली. मग सिस्टरने तिचा हात धरून मधल्या दारापाशी नेलं, आणि तिथे माय थांबली.

"बेडरूम कोठी हाय?"

"हे काय, हॉलच्या पल्याड."

"अन् हॉल कोनाचा?"

एवढी हुशार बाई, पण हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. बेडरूमला हॉलमधूनच वाट होती. एक मोकळी खोली इकडे, एक मोकळी खोली तिकडे, आणि मध्ये बँक पसरलेली.

"व माय, दोन पावलं तं हायेत," सिस्टर काकुळतीला आली.

"दुसऱ्याच्या वावरातून दोन पावलं गेलं तरी मालक हाटकते," माय म्हणाली, आणि परत पाटावर जाऊन बसली.

आम्ही हसून हसून लोळलो. मायला राग आला नाही, तीही हसत होती, पण जागची हलत नव्हती. मग प्रश्न सोडवायला सगळा ले-आउट कामाला लागला. निवृत्त ओव्हरसियर झाडे काका आमच्या शेजारी राहायचे. घर म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी आधी बेडरूमच्या खिडकीचं माप घेतलं. बाहेरून शिडी लावली, गज काढले, तर मायला अलगद आत उतरवता येईल असं त्यांचं मत पडलं. माय स्वयंपाकघरातून गरजली, "मी चोर हावो का?" खिडकी बारगळली. मग काकांना आठवलं की स्वयंपाकघर आणि बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिथे दार फोडलं की झालं! माय संध्याकाळच्या बसने गेली, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, खडूने भिंतीवर दाराची चौकट आखली, आणि छिन्नी लावणार तेवढ्यात सिस्टरनेच विचारलं, "काका, हे भीत कोनाची?"

यावर दोन दिवस वाद चालला. मी खोटं सांगत नाही. काकांचं म्हणणं, इकडची खोली तुझी, तिकडची खोली तुझी, तर मधली भिंत आपोआप तुझीच. माझी बायको म्हणाली, इकडचा गिलावा तिचा, तिकडचा गिलावा तिचा, पण मधल्या विटांचं काय? मिस्त्री रोज येऊन, चहा पिऊन, निकाल ऐकून परत जायचा. शेवटी सिस्टरनेच खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली. "नाई काका. घर गहान हाय. गहान वस्तूले भोक पाडाचं नाई." तिच्या आवाजात यावेळी गंमत नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माय अल्लीपूरला नळावर पाय घसरून पडली. मनगट मोडलं. सिस्टरने तिला आणलं, प्लास्टर घातलं, आणि आता त्या हातामुळे तरी ती राहील अशी तिची खात्री होती. माय दिवसभर स्वयंपाकघरात राहिली, लेकीच्या हाताने जेवली, आणि संध्याकाळी गळ्यात हात अडकवून बस स्टँडकडे निघाली. सिस्टर तिच्यामागे पिशवी घेऊन. परत आली तेव्हा अंगणात माझ्या बायकोशी एवढंच बोलली, "ताई, मी दुनियेच्या मायाईले अॅडमिट करून घेतो. माही माय मले रात्रभर ठेवता येऊन नाई राह्यली." मग ती रडली. चार घरं पलीकडे ऐकू जाणाऱ्या त्या बाईचं रडणं समोरच्या घरात मला ऐकू आलं नाही. बायकोने येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

आमच्या बायकांची एक भिशी होती. पहिला नंबर माझ्या बायकोचा लागला होता, आणि त्या पैशांचा एसी मी मनातल्या मनात केव्हाच बसवून, चालू करून, खाली झोपलोही होतो. सिस्टरचा नंबर कुठेतरी शेवटाला होता. रविवारी भिशी जमली आणि बायको घरी आली ती हात हलवत. "एसी?" मी विचारलं. "हॉल," ती म्हणाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या बायकांनीही आपली पाळी तिला देऊन टाकली होती. सिस्टरने ना ना केलं, तर तिला बोलूच दिलं नाही म्हणे. मी रागवायचं ठरवलं होतं, पण घरात तेवढा एकटाच रागावलेला बरा दिसेना, म्हणून सोडून दिलं. जीपीएफमधून काढलेली रक्कम, भिशी आणि तिच्या मायने गुपचूप विकलेल्या दोन बकऱ्या, असं सगळं मिळून उरलेलं कर्ज फेडण्याइतके पैसे जमले.

बँकेत ती मला बरोबर घेऊन गेली. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, अजून कितीतरी वर्षं आहेत की तुम्हाला. एवढी काय घाई?" सिस्टरने पैसे भरले, सह्या केल्या, आणि मग खुर्चीत ताठ बसून विचारलं, "म्हंजे आता हॉल माहा झाला न जी?"

"कोणता हॉल?" साहेब गोंधळला.

मी थोडक्यात सांगितलं. ऐकता ऐकता शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने नोटा मोजायच्या थांबवल्या. साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो. हॉल तुमचा."

"पायऱ्या?"

"पायऱ्याही तुमच्या."

"गेट?"

"गेटही."

"अन् वरची गच्ची?"

"गच्ची तुमची, मॅडम. टाकीसुद्धा."

काउंटरवरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, मग रांगेतल्या लोकांनीही, आपण कशासाठी वाजवतोय हे माहीत नसताना. सिस्टर उठली, पदर सावरला आणि साहेबाला म्हणाली, "उद्या खीर हाय. येजा. आता तुमाले पाहुणे म्हनूनच याचं लागन."

साहेब खरंच आला. दुपारच्या उन्हात सगळा ले-आउट तिच्या फाटकाशी जमला होता. झाडे काका स्टँडवरून मायला ऑटोतून घेऊन आले. माय उतरली, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि सवयीप्रमाणे मागच्या अंगणाकडे वळली. "माय! समोरून!" सिस्टर किंचाळली. माय थबकली. पायऱ्यांपाशी आली. तिने लेकीला विचारलं नाही, बँकेच्या साहेबालाच विचारलं, "पक्कं?"

"पक्कं, आजी," साहेब म्हणाला.

मायने चपला काढल्या आणि आत गेली. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग आडवी चालली. प्लास्टर नुकतंच निघालेला हात भिंतीवरून फिरवला. बेडरूममध्ये जाऊन गादी दाबून पाहिली. आम्ही दारात, खिडक्यांत, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होतो. सिस्टर खिरीचं पातेलं घेऊन सगळ्यांमधून धावत होती, हसत होती, वाट्या भरत होती, एकाच माणसाला दोनदा वाढत होती. माझ्या वाटीत खीर, हातावर खीर, शर्टावर खीर.

एवढ्यात माय बाहेर आली. तिने लेकीच्या हातातलं पातेलं काढून पायरीवर ठेवलं. "झालं ना पाहून?" ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "खीर इथं हाय, हातानं घ्या. अन् मंग जा आपापल्या घरी. आमाले झोपाचं हाय."

"माय, लोकं जेवाचे हायेत अजून," सिस्टर म्हणाली.

"जेवतीन." मायने तिचा दंड धरून तिला आत ओढलं आणि भर दुपारी, सगळ्या ले-आउटच्या आणि बँकेच्या साहेबाच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही पायऱ्यांवर बसून गपचूप खीर खाल्ली. बोललो ते खुणांनी. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू यायला लागलं. झाडे काकांनी बोट वर करून सांगितलं, मायचं. पाठोपाठ दुसरं लागलं, त्याहून मोठं. माझी बायको पदर तोंडात कोंबून हसायला लागली. उठताना कोणाच्या तरी हातून स्टीलची वाटी निसटली आणि खणखणत सगळ्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. साहेबाने तर डोळेच मिटून घेतले. पण आतली दोन्ही घोरणी जशीच्या तशी चालू होती.

मग आम्ही वाट्या गोळा केल्या, फाटक हलकेच ओढून घेतलं, आणि सगळे आपापल्या बँकांच्या घरी गेलो.